येईन तर गोळी घेऊनच

नोकरीसाठी अकोल्याहून पुण्याला निघाले त्या संध्याकाळी बाबांनी माझ्या बॅगेत चिवडा ठेवला नाही की देवीचा अंगारा ठेवला नाही. त्यांनी दोर ठेवला. मल्लखांबाचा जाड सुती दोर, माझ्याच घामाने काळपट झालेला. ट्रॅव्हलवाला डिकी बंद करायची घाई करत होता आणि बाबा त्याला थोपवत होते, "थांब ना बाप्पा, पोरीचा दोर राह्यला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कुठंबी टांग, पण रोज चढजो. घाम निंगाला का भेव निंगते." आई पदराने डोळे पुसत होती. गाडी सुटली आणि शेजारच्या सीटवरच्या बाईंनी साधंच विचारलं, "पुण्यात कुठे?" मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. जेवणाला गाडी थांबली तेव्हाही उतरले नाही, कारण उतरताना त्यांच्याशी बोलावं लागलं असतं.

गावात राहिलेल्यांसाठी हे लिहितेय, आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांसाठीही. तुमच्यातल्या ज्यांनी असं सोंग कधीतरी घेतलंय, त्यांच्यासाठी तर जास्तच.

आमचं घर बार्शीटाकळीचं. बाबा झेंडू, पालक, सांबार पिकवतात. (पुण्यात येऊन सांबाराला कोथिंबीर म्हणायला शिकले.) आई आठवडी बाजारात बसायची आणि मला सोबत न्यायची. कुणी गिऱ्हाईक वाकून "पालक कशी दिली?" म्हणालं की मी पोत्यामागे सरकायचे. लाज म्हणाल तर ती लाज नव्हती. छाती धडधडायची, समोरचा माणूस आपल्याला आतबाहेर बघतोय असं वाटायचं. आई म्हणायची, "बोलणाऱ्याची माती इकते वं, न बोलणाऱ्याचे गहू बी इकत नाई." म्हण खरीच आहे. पण पोहता न येणाऱ्याला पाण्याची म्हण सांगून काय उपयोग?

बाबांकडे यावर एकच औषध होतं. तरुणपणी ते अमरावतीला व्यायामशाळेत राहिलेले. भीती म्हणजे अंगात ताकद कमी, हे त्यांचं शास्त्र. गावच्या मारुतीजवळ त्यांनी खांब रोवला, झाडाला दोर टांगला, आणि पुढे मला अमरावतीला वसतिगृहात ठेवलं. त्या शहरात तेव्हा सर्दीपासून प्रेमभंगापर्यंत सगळ्यावर जोरबैठका हाच उतारा सांगत. मी मात्र दोरीवर खरंच रमले. पायाच्या बोटांत दोर पकडून उलटी व्हायचे तेव्हा जग शांत असायचं.

प्रजासत्ताक दिनाला मैदानावर आमची प्रात्यक्षिकं झाली. एवढी गर्दी मी आधी पाहिली नव्हती. मी सरसर वर चढले, एका पायावर लटकले, हात जोडले. टाळ्या पडल्या. जराही भीती वाटली नाही, कारण दोरीवर कुणी काही विचारत नाही. खाली उतरले आणि एका पाहुण्यांनी कौतुकाने नाव विचारलं. मी मंडपामागे पळाले आणि ओकले.

बाबांनी टाळ्या पाहिल्या, मंडपामागचं पाहिलं नाही. गावात परत जाऊन त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "हजार लोकायसमोर उलटी लटकते माही पोरगी! तिले कायचं भेव?" त्या दिवसापासून माझं खरं कुणाला पटेना. मी म्हणायचे, बाबा, अजून भीती वाटते. ते म्हणायचे, "मंग अजून चढ."

पुण्यात दोर टांगायला जागा नव्हती. भाड्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीत तो आडवा बांधला आणि त्यावर मी नि माझी रूममेट कपडे वाळत घालायचो. बाबा फोनवर विचारायचे, "दोर बांधला का?" मी म्हणायचे, "बांधला." खोटं काहीच नव्हतं त्यात.

त्याऐवजी मी टेकडीवर पळायला लागले. पळण्याने मला पुष्कळ दिलं, ते मी कुणाला नाकारू देणार नाही. झोप लागायला लागली, भूक लागायला लागली. आणि एक कळलं, की चढावर हृदय धाडधाड उडतं तेव्हा आपण मरत नाही, नुसते दमतो. पण सकाळी ऑफिसात उभ्याउभ्या मीटिंग असायची. गोल करून प्रत्येकाने दोन वाक्यं बोलायची. माझी पाळी जवळ आली की मी वॉशरूममध्ये. टेकडीवरचं सगळं शहाणपण टेकडीवरच राहायचं. डबा मी जिन्यात बसून खायचे. शेवटी मॅनेजर म्हणाल्या, काम चांगलं आहे, पण तुम्ही टीममध्ये दिसतच नाही, असं फार दिवस चालणार नाही. मी त्या दिवशी आणखी लांब पळाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा वॉशरूम.

रूममेटने मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. दारात मी दोनदा माघारी वळले, तिने दोनदा ओढून आणलं. डॉक्टर बाई शांतपणे ऐकत होत्या. याला सोशल अँक्झायटी म्हणतात, म्हणाल्या, हा स्वभावाचा दोष नाही आणि ताकदीचा तर नाहीच. मी विचारलं, गोळी की व्यायाम? त्या हसल्या. "पळणं सोडू नका. पण सगळा भार पळण्यावर टाकू नका. गोळीला काही आठवडे द्या आणि बोलायचा सराव माझ्यासमोर सुरू करा."

गोळी काही जादूची कांडी निघाली नाही. सुरुवातीला मळमळ, तोंड कोरडं, आणि भर मीटिंगमध्ये जांभया. पण हळूहळू भीतीचा घसा बसला. ती बोलायची, पण पहिल्यासारखी ओरडायची नाही, आणि त्या अवधीत मला माझी दोन वाक्यं म्हणता येऊ लागली. एक दिवस मी मीटिंगमध्ये माझी पाळी संपेपर्यंत उभी राहिले. मग डबा खाली कॅन्टीनमध्ये नेला. पळण्याने मला अंगाचा विश्वास दिला आणि गोळीने माणसांसमोर थांबण्याइतका वेळ. एकाने दुसऱ्याचं काम केलं नाही. आता दोघांत श्रेष्ठ कोण म्हणून मला विचारू नका. ज्याला ज्याने बरं वाटतं त्याने ते घ्यावं, आणि मला दोन्ही लागतात.

हे मी बाबांना फोनवर सांगितलं. लपवलं असतं तर सोपं होतं. आपलं ठेवायचं झाकून, हेच तर घरोघरी शिकवतात. बाबा म्हणाले, "आपल्या घरात कोणी डोक्याची गोळी नाई खाल्ली. तू दोर सोडला म्हणून हे झालं. लोकं पागल म्हणतीन. घरी येशीन तं थे गोळी सोडून येजो."

मी म्हणाले, "मग येत नाही. येईन तर गोळी घेऊनच."

आणि दिवाळीला गेले नाही. गुढीपाडव्याला गेले नाही. रूममेटच्या घरी करंजी खाताना आईची करंजी आठवली, तरी गेले नाही. इकडचे शहाणेही काही कमी नव्हते. जिमवाला मित्र म्हणायचा, हे केमिकल कशाला पोटात घालतेस. ऑफिसातली एक म्हणायची, गोळी आहे ना, मग पहाटे धावायचा आटापिटा कशाला? माझ्या छातीतली धडधड सोडून सगळ्यांना सगळं माहीत होतं. गोळी कमी करायची, बंद करायची की चालू ठेवायची, ते मी आणि डॉक्टर ठरवू. गाव ठरवणार नाही, आणि जिमही नाही.

दसऱ्याच्या आधी आईचा फोन आला. तिचा खांदा आखडला होता, आणि अकोल्याच्या बाजारात झेंडू घेऊन बसायला बाबांजवळ कुणी नव्हतं. "तू येतं का?" तिने विचारलं. गोळीचं नाव घेतलं नाही. मी गेले. गोळ्यांचं पाकीट बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवलं, हात घातला की लागेल असं.

घरी पोचले तेव्हा बाबा ॲपे रिक्षात फुलांचे ढीग लावत होते. "आली का," एवढंच म्हणाले. सकाळी अकोल्याच्या रस्त्याकडेला ताडपत्री टाकून आम्ही बसलो. पहिलं गिऱ्हाईक वाकलं, "झेंडू कसा दिला वं?" छाती धडधडली. टेकडी आठवली. मी भाव सांगितला. त्याने घासाघीस केली, मीही केली. दुसरं आलं, तिसरं आलं. तासाभरात मी ओरडून बोलावत होते, "या काकू, ताजा झेंडू!" आवाज चिरकत होता, पण माझाच होता. बाबा तराजू धरून माझ्याकडे बघायचे आणि मी त्यांच्याकडे बघितलं की नजर काट्याकडे वळवायचे.

गर्दी थोडी ओसरली. मी मुद्दाम, सगळ्यांसमोर, गोळ्यांचं पाकीट काढलं. बाबांच्या ओळखीचे एक काका फुलं निवडत होते. त्यांनी लगेच विचारलं, "काहून वं, बिमार हायेस का?"

बाबांचा हात तराजूवर थांबला. मी म्हणाले, "हो काका. मले माणसायची भीती वाटते. त्याची गोळी हाये."

काकांनी हातातलं फूल उलटून पाहिलं. मग म्हणाले, "अस्सं. बरं, हे फुलं कालचे तं नाई ना?"

मी गोळी तोंडाकडे नेली तेवढ्यात बाबा म्हणाले, माझ्याकडे न बघता, "थे उपाशीपोटी घ्याची असते का जेवल्यावर?"

"जेवल्यावर."

त्यांनी आईने बांधून दिलेली भाकर माझ्यापुढे सरकवली आणि तराजू उचलला. "मंग आधी जेव. गिऱ्हाईक मी पायतो."

ताडपत्रीवर, झेंडूच्या ढिगाला टेकून, भर रस्त्यात मी जेवले. लोक बघत होते. बघू दिलं. बाबांचं मत काही बदललेलं नाही. परत निघताना त्यांनी विचारलंच, "दोर बांधला का?" मी खरं सांगितलं, की त्यावर कपडे वाळतात. ते चिडले. आता दर फोनला दोराची चौकशी असते, आणि त्यानंतर, जरा घुटमळून, दुसरी चौकशी असते: "जेवली का? घेतली का?" घर कुठलं, असं पुण्यात कुणी विचारलं तर मी बार्शीटाकळीचं नाव सांगते. जिथे मला दोन्ही विचारतात, ते माझं घर.