देवाचा गूळ आणि माझं वजन

परभणीला मला ऑपरेशनसाठी आत नेलं, तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून आईनं औंढ्याच्या नागनाथाशी परस्पर बोलणं उरकून घेतलं. पोरगी वाचली तर तिच्या वजनाइतका गूळ तुलेत घालीन. मला विचारलं नाही याचा राग नाही, मी बेशुद्ध होते.

मी वाचले. पण अपेंडिक्स आत फुटलेलं, टाके पिकले, आणि हैदराबादच्या कॉलेजात परत जायच्याऐवजी अख्खा हिवाळा मी औंढ्यात माजघरातल्या खाटेवर काढला. लहानपणापासून मी मामाकडे राहून हैदराबादच्या कॉन्व्हेंटात शिकलेली, पुढं तिथल्याच हॉस्टेलात. त्यामुळे घरी मी जरा पाहुणीच असायची. कमी बोलायची, बघत जास्त बसायची. गावात लोक याला हुशारी समजत होते आणि मी तो समज खोडला नाही.

ऑपरेशन झालेल्या माणसाचं काय करायचं हे आईला माहीत नव्हतं. बाळंतिणीचं काय करायचं हे मात्र चांगलं माहीत होतं, आणि पोट फाडलं म्हणजे दोन्ही सारखंच, असा तिचा हिशेब. माझ्या पोटाला धुवट लुगड्याचा पट्टा बांधला गेला, खाटेखाली शेगडी आली. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, भाकरीवर तुपाची धार. बाळ सोडलं तर कशाची कमी नव्हती.

होळीच्या सुमारास बाबा आणि आई मला परभणीला दाखवायला घेऊन गेले. डॉक्टर आधी माझ्या पोटाकडे आणि मग बाबांकडे बघत राहिले.

"मास्तर, मी ऑपरेशन केलं ती पोरगी बारीक होती. ही कोणाची आणली?"

बाबा शाळामास्तर. त्यांनी वही तपासल्यासारखं मला वरून खाली बघितलं. आई खूश झाली. तिला ते कौतुक वाटलं.

मग डॉक्टर हसायचे थांबले. पोटावर चरबी चढलीय, टाक्यांवर ताण येतोय, एका जागी कातडी फुगायला लागलीय. असंच राहिलं तर आतडं बाहेर येईल आणि पुन्हा कापावं लागेल. "रोज चालायचं. खाणं निम्मं. जूनमध्ये दाखवा. वजन उतरलं असेल तर कॉलेज, नसेल तर घरीच."

मला त्यातला एकच शब्द ऐकू आला. जून.

पण औंढ्यात चालायचं कुठं? गावात कोणी नुसतं चालत नसे. विहिरीला जात, शेतात जात, कुणाकडे विरजण मागायला जात. तरणी पोरगी हात हलवत गेली आणि रिकामीच परत आली, तर दुसऱ्या दिवशी चार बायका विचारायला येणार. आई म्हणाली, "अंगणात चाल." अंगणात तुळस, गाय आणि बाबांची सायकल. वळायलाच जास्त वेळ लागायचा.

तोड काढली आत्यानं. बाबांची थोरली बहीण, नवरा गेल्यापासून आमच्याकडेच. "देवळात चाल म्हणावं. प्रदक्षिणा घालणाऱ्याला कोणी काहून म्हणून विचारत न्हाई."

नागनाथाचं आवार मोठं, फरसबंद. पहिल्या सकाळी मी खुशीत सुटले आणि कॉन्व्हेंटातल्या पोरीसारखी देवळाला पूर्ण वेढा घातला. ओसरीवरच्या सगळ्या बायका एकदम उठल्या. महादेवाची प्रदक्षिणा पूर्ण नसते, अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर पडतं ती पन्हळ ओलांडायची नसते, तिथवर जायचं आणि आल्या वाटेनं परत फिरायचं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी मान खाली घालून उलटी फिरले. तेव्हापासून रोज पन्हळीपर्यंत जायचं, परत यायचं, दुसऱ्या बाजूनं पन्हळीपर्यंत जायचं, परत यायचं. शाळेच्या घंटेतला लोळा हलतो तसं.

मोजायचं काम आत्याकडे. ती खांबाला टेकून बसायची, पदरात चिंचोके, एक फेरी झाली की एक चिंचोका डावीकडून उजवीकडे. पण शेजारी कोणी येऊन बसलं की बोलता बोलता उजवीकडचे डावीकडे जायचे.

"आत्या, किती झाल्या?"

"तू चाललीस, तुला ठाऊक न्हाई?"

"तुम्ही मोजताय ना."

"मग घाल अजून. देवाच्या दारी जास्तीचं वाया जात न्हाई."

म्हणून मी माझं वेगळं मोजमाप ठेवलं. घरी वजनकाटा नव्हता, आणि अडत्याच्या दुकानात पोत्यांच्या काट्यावर मी मेले तरी बसले नसते. माझ्या परकराची नाडी होती. गाठीखाली लोंबणारी टोकं आधी जेमतेम बोटभर उरायची. मी रोज अंघोळीनंतर ती टोकं बोटांनी मापायची. ती वाढायला लागली. कोणाला सांगता येऊ नये असा आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता.

अडचण आईची होती. अक्षय तृतीयेला तुला ठरली होती, आणि तिला माझं वाळणं बघवत नव्हतं. "पारड्यात काडी बसवू का मी? लोक म्हणतील, लेकराला खायला घालत न्हाईत. देव म्हणेल, गूळ वाचवला."

"वहिनी, नवस बोलल्या तवा पोरगी काडीच होती. तवाचं वजन धरा बराबर," आत्या म्हणाली.

"तवाचं धरत न्हाईत, वन्सं. पारड्यात बसती तेवढं."

म्हणून आई मला निघताना पदराखालून लाडू द्यायची, देवळात बसून खा म्हणून. मी ते आत्याच्या हवाली करायची. चिंचोके मोजता मोजता आत्या लाडू खायची. मी उतरत होते, आत्या चढत होती. घरातलं एकूण वजन तेवढंच राहत असावं.

प्रदक्षिणांचा आणखी एक परिणाम झाला. लग्नाची पोरगी रोज सकाळी महादेवाभोवती फिरते, म्हणजे नवऱ्यासाठीच, असं ओसरीवर ठरून गेलं. एक काकू रोज माझ्यासोबत दोन फेऱ्या घालायच्या, धापा टाकत. "गोरेगावला माझा भाचा आहे. जीप चालवून राहिला सेनगाव-हिंगोली. सवताची जीप." मी चाल वाढवली. त्यांनीही वाढवली. एवढा व्यायाम मला डॉक्टरांनीसुद्धा सांगितला नव्हता. जीपवाल्याचं काही झालं नाही, पण नाडीची टोकं त्या आठवड्यात चांगलीच खाली आली.

अक्षय तृतीयेला देवळात तुळईला मोठा तराजू टांगला. आईनं गुळाच्या ढेपा आधीच अंदाजानं मागवल्या होत्या. तो अंदाज होळीच्या माझ्यावरून केलेला. दुसऱ्या पारड्यात कोरं फडकं अंथरून मला बसवलं, आणि अर्धं औंढं बघत असताना समोर एकेक ढेप चढायला लागली. मी डोळे मिटून घेतले. डोळे उघडले तेव्हा सगळे माझ्याकडे मान वर करून बघत होते. मी हवेत होते. गूळ जमिनीला टेकला होता.

"दोन ढेपा उतरवा," पुजारी म्हणाले.

आई आडवी आली. "देवाच्या पारड्यात टाकलेलं काढत असतात का?"

"मग पोरीकडं काहीतरी ठेवावं लागेल."

माझ्या मांडीवर नारळ आला, मग पाण्याची भरलेली कळशी. गूळ हलला नाही. आईनं माझा लोंबता पाय धरून खाली ओढला. पुजारी म्हणाले, "असं चालत न्हाई, बाई. रक्ताचं माणूस संगं बसलं तर चालंल. नवस बोललेलं मात्र न्हाई."

आई नवस बोललेली. बाबा एका पावलानं मागे सरकले. राहिली आत्या. ती विधवा, म्हणून शुभकार्यात पुढे न येता आपल्या खांबाशी उभी. बायकांत कुजबुज झाली. आईनं ती ऐकली, एकदा माझ्याकडे वर बघितलं, आणि म्हणाली, "वन्सं, या इकडं. बसा तिच्यापाशी."

"मी?"

"तुमी न्हाई तर कोण? आणि लवकर या, पोरगं टांगलंय."

मला खाली ओढून धरलं, आत्या चढली. हात सोडताच आमचं पारडं धप्पकन फरशीवर आलं आणि गूळ वर गेला. कोणीतरी हसलं. मग सगळे हसले, पुजारीसुद्धा. आत्यानं माझ्या कानात सांगितलं, "हे तुह्याच लाडवांचं काम आहे."

दुकानातून आणखी गूळ आणावा लागला. आईचा चेहरा उजळला. बोलली होती एकीचा, दिला दोघींचा, आता देवाला बोलायला जागा नव्हती. पण गूळ वाटून झाल्यावर ती माझ्या शेजारी बसली आणि हळूच विचारलं, "इतकी उतरलीस तू?"

"व्हय," मी म्हणाले.

ती गुळाचे हात चोळत राहिली. "म्हणजे जाणार."

मला तेव्हा कळलं की लाडू देवासाठी नव्हते. किंवा अर्धेच होते.

जूनमध्ये परभणीला आई माझ्यासोबत आली. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, खोकायला लावलं, उभं केलं, काट्यावर चढवलं. "टाके पक्के बसले. जाऊ द्या हिला. पण चालणं बंद करायचं नाही, वर्षभर."

आई त्यांच्याशी न बोलता माझ्याकडे वळली. "तिथं कुठं चालशील? देऊळ आहे का हॉस्टेलात?"

"मैदान आहे. त्याच्याभोवती."

"मधे काय आहे?"

"काही नाही. गवत."

"मधे काही नसताना गोल फिरायचं?"

डॉक्टर कॉलेजसाठी दाखला लिहीत होते, त्यांचा हात थांबला. आईनं पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला.

"कुंपण आहे का त्याला?"

"आहे. तारेचं."

"उंच आहे?"

"माझ्या डोक्याइतकं."

तिनं डॉक्टरांकडे मान वळवली. "लिहा मग," ती म्हणाली, "जाऊ देतो म्हणून."