पार्वताबाईची भिंत

पार्वताबाईचा राग आधी कानशिलात चढायचा. कानशिलं तापली की ती हातातलं काम खाली ठेवायची, पदर खोचायची, आणि मग समोरच्याचा मुलाहिजा राखायची नाही. धुळ्याच्या कोर्टात आठ वर्षं हेलपाटे झाले, त्या आठ वर्षांत ती कानशिलं कधी निवलीच नाहीत. निवणार तरी कशी, शेजारी झुलाल होता ना.

झुलालचं आणि तिचं घर एकमेकांना खेटून, मधली मातीची भिंत एकच. ती पार्वताबाईच्या सासऱ्याने घातलेली. धाब्याच्या, त्या मातीच्या सपाट छताच्या, निम्म्या लाकडी कड्या त्याच भिंतीवर टेकलेल्या, म्हणजे भिंत गेली की घर गेलं. नवऱ्याचं नाव आधार, चौथी शिकलेला, स्वभावाने गरीब. कोर्टाचा कागद आला की चष्मा लावून तो वाचून दाखवायचा आणि शेवटी स्वतःचंच एक वाक्य जोडायचा, जाऊ दे. हे जाऊ दे ऐकलं की तिला झुलालपेक्षा नवऱ्याचाच जास्त राग यायचा.

पहिला दावा पंच्याऐंशी साली लागला. धाब्याचं पन्हाळं म्हणे झुलालच्या जागेत गळतं. सासऱ्याच्या काळापासून तिथेच गळणारं पाणी ते, पण दोन वर्षं तारखा चालल्या आणि दावा पडला. पुढच्याच वर्षी दुसरा, मागच्या परसातल्या वीतभर जागेचा. मोजणीवाला आला, साखळी धरली, आणि निघालं काय, तर वीतभर आत झुलालच सरकलेला. माणसाला लाज असती तर तो तिथे थांबला असता. झुलाल थांबला नाही. नव्वद साली त्याने थेट मधल्या भिंतीवरच दावा ठोकला. पुरावा काय दिला, तर कोनाडा.

त्या कोनाड्याने पार्वताबाईच्या जिवाला खरा चटका दिला. आपल्याकडे जुनी माणसं भिंतीची मालकी कोनाड्यावरून सांगतात. परक्याच्या भिंतीत कुणी कोनाडा कोरत नाही, त्यामुळे ज्याच्या बाजूला कोनाडा त्याची भिंत. आणि कोनाडा होता झुलालच्या बाजूला. पण तो कोरला होता पार्वताबाईने, स्वतःच्या हाताने. एक्याऐंशी साली झुलालची बायको बाळंत झाली. बाळाच्या पाचवीला दिवा ठेवायला वाऱ्याआडची जागा नव्हती. झुलालची आई तानुबाई दारात आली आणि संकोचून म्हणाली, तुझ्या भिंतीत एवढुसा कोनाडा करू का. पार्वताबाईने पहार उचलली, त्यांच्या घरात जाऊन कोनाडा कोरला, शेणमातीने सारवून दिला आणि पहिली वातही तिनेच लावली. घर फुकट देते आहेस, असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं.

दावा लागताच कोर्टाने सगळं जैसे थे ठेवायला सांगितलं. त्यामुळे धाब्यावर टोपलीभर माती टाकायची सोय उरली नाही. तीन पावसाळे चूल घरभर फिरत राहिली, जिथे गळत नाही तिथे. पलीकडे झुलाल कोरड्या घरात तंबाखू मळत बसलेला तिला ऐकू यायचा आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्र्याण्णव साली झुलालने मोठाच शहाणपणा केला. घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस म्हणून त्याने आईलाच साक्षीला उभं केलं. कोनाडा आमच्या सासऱ्यांच्या वेळचा आहे, एवढंच बोलायचं, असं पंधरा दिवस तो तिला पढवत होता. मधल्या भिंतीतून पार्वताबाईला सगळं ऐकू यायचं. तारखेला ती मुठी आवळूनच धुळ्याला गेली.

तानुबाई पिंजऱ्यात उभी राहिली. तोंडात दात नव्हते. वकिलाने विचारलं, कोनाडा कधीचा. म्हातारीने आधी लेकाकडे पाहिलं, मग पार्वताबाईकडे.

"मना नातूनी पाचवीना शे," ती म्हणाली. "भीत पारबतानी शे. मी शपथ लिधी, मी खोटं बोलस नही."

दावा तिथेच लंगडा झाला आणि दिवाळीआधी फेटाळला गेला. गावात लोक म्हणाले, जिंकलीस बाई. पार्वताबाईने धाब्यावर माती टाकून घेतली. पण कानशिलं काही निवेनात, कारण भिंतीपलीकडून आता वेगळाच आवाज येऊ लागला होता.

सकाळी झुलाल आणि त्याची बायको शेतात गेले की खलबत्त्याचा ठोका सुरू व्हायचा. ठक, ठक, मध्येच थांबायचा, पुन्हा ठक. पहिल्या दिवशी पार्वताबाईला वाटलं, मसाला कुटत असतील. पण मसाल्याचा वास येईना. तिसऱ्या दिवशी तिने भिंतीशी जाऊन हाक दिली, माय, काय कुटतेस. शिळी भाकर कुटत होती म्हातारी. साक्षीच्या दिवसापासून झुलालने आईशी बोलणं टाकलं होतं. ताटात कालची वाळकी भाकर यायची, वर कालवण नाही. शेजारच्या उंबऱ्याला पाय लावलास तर घरात घेणार नाही, अशी तंबीही दिली होती. दात नसलेलं माणूस ती भाकर खाणार कशी, म्हणून कुटून, पाण्यात कालवून गिळत होती.

पार्वताबाई उठली आणि कोपऱ्यातली पहार घेऊन आली. पलीकडचा कोनाडा कुठे येतो हे तिला बोटाने मोजून ठाऊक होतं. तिने पहिला घाव घातला. आधार बाहेरून धावत आला. आठ वर्षं जिच्यासाठी घालवली ती भिंत फोडतेस, डोकं ठिकाणावर आहे का, असं तो म्हणाला. एवढा आवाज त्याने आयुष्यात पहिल्यांदाच चढवला होता.

"भीत मनी शे," पार्वताबाई म्हणाली. "मी तिले फोडसू, नही ते पुजसू."

पाचव्या घावाला कोनाड्याची पाठ फुटली आणि पलीकडे म्हातारीचा चेहरा दिसला. पार्वताबाईने ताजी भाकर दुधात कुस्करली आणि वाटी भोकातून पुढे केली. म्हातारीने आधी दाराकडे पाहिलं, मग वाटी घेतली. पार्वताबाईला रडू फुटलं ते रागाचंच होतं.

रोज दुपारी वाटी जाऊ लागली. झुलालने भोकाला दोनदा फळी लावली, तिने ती दोनदा ढकलून पाडली. मग तो गेला धुळ्याला, आपल्या सवयीने. महिन्याभरात समन्स आलं, सोबत दाव्याची नक्कल. आधारने चष्मा लावला आणि वाचायला घेतलं. प्रतिवादी पार्वताबाई हिने स्वतःच्या मालकीच्या भिंतीस भोक पाडून वादी झुलाल याच्या घरात वाटी सरकविण्याचा उपद्रव चालविला आहे.

"कोनी मालकीनी?" तिने विचारलं.

आधारने ते वाक्य पुन्हा वाचलं. तिने तिसऱ्यांदा वाचायला लावलं. भोक तिने पाडलं असं म्हणायचं, तर भिंत तिची आहे असं झुलालला आधी लिहावं लागलं होतं, आणि खाली त्याची सही होती. एवढी एक ओळ लिहायला त्याला आठ वर्षं लागली. कागद नीट ठेवायला सांगून पार्वताबाई दूध तापवायला उठली. म्हाताऱ्या माणसाच्या जेवणाची वेळ टळत होती.