दाराकडचा कोपरा रोज फेल

मागच्या आठवड्यात आमच्या कारखान्यातल्या एका टेबलाचा एक कोपरा रोज सकाळी फेल व्हायला लागला. हो, टेबलंसुद्धा फेल होतात... आणि त्यांना फेल करणं हेच माझं काम आहे.

शहाद्याच्या बाहेर केळीचे वेफर्स करणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. मूळची सांगलीची. माझ्याकडे टीव्हीच्या रिमोटएवढं एक मशीन असतं. धुतलेल्या टेबलावरून कापसाची काडी फिरवायची आणि ती मशीनमध्ये घालायची, की डोळ्यांना न दिसणारी जी घाण उरली असेल तिचा आकडा येतो. लहान आला तर टेबल स्वच्छ, मोठा आला तर पुन्हा धुवा. तोवर केळी सोलणाऱ्या सगळ्या बायका खोळंबून उभ्या.

आता सांगा, अशा बाईशी कोण गप्पा मारणार? मी चहाला गेले की बाकावरच्या अहिराणीतल्या गप्पा एकदम थांबतात. सगळ्या हसतात, सरकून जागा देतात आणि गप्प होतात. रविवारी तर खोलीवर दिवसभर तोंड उघडत नाही... संध्याकाळी दूधवाल्याला "अर्धा लिटर" म्हणताना माझाच आवाज मला घोगरा वाटतो.

तर तो कोपरा. टेबल धुण्याचं काम रंजनाबाईंचं. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, कितीतरी वर्षं त्याच टेबलावर. घासून, सॅनिटायझर मारून, पुसून लख्ख करायच्या आणि तरी दाराकडच्या कोपऱ्याचा आकडा भलताच यायचा.

शिफ्ट बघणारे पाटीलभाऊ आधी मला म्हणाले, "मॅडम, तुमनं मशीनच बिघडेल शे." पण लाइन रोजच उशिरा सुरू व्हायला लागली तसा त्यांचा सूर बदलला. "रंजनानं कामच बराबर नई शे. तिले बाहेर सालटासवर धाडी देऊत."

सालटं म्हणजे मागच्या अंगणातला केळीच्या सालींचा ढीग. दिवसभर ऊन, माश्या आणि तो आंबूस वास. रंजनाबाई तिथेच उभ्या होत्या. त्या फडका पुन्हा पिळायला लागल्या. मला इतकं वाईट वाटलं... देवा, मशीनच बिघडलेलं निघू दे, असं मी मनापासून म्हटलं.

मशीनच्या कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सगळं तपासून घेतलं. काड्या फ्रिजमधून काढून लगेच वापरता का? मशीन आडवं धरता का? सेल बदललेत का? मग काडी न घालता मोकळंच चालवायला सांगितलं... शून्य आलं. मशीन ठणठणीत.

खरं सांगते, त्यानंतरही मी उगाच दोन-तीन शंका काढल्या. "आणखी काही मदत करू का?" असं त्यांनी विचारलं तेव्हा हो म्हणावंसं वाटलं. कित्येक दिवसांत माझ्याशी इतका वेळ कोणी बोललंच नव्हतं! फोन ठेवल्यावर स्वतःचंच हसू आलं आणि थोडं रडूही.

मग टेबलाच्या बाकीच्या जागा तपासल्या. मधला भाग पास, उरलेले तिन्ही कोपरे पास. म्हणजे धुतल्यानंतर त्या एकाच कोपऱ्यावर काहीतरी होत होतं. दुसऱ्या दिवशी लवकर आले आणि मुकाट्याने बाजूला उभी राहिले.

रंजनाबाईंनी टेबल धुतलं, सॅनिटायझर मारला, पुसलं. मग उजवा हातमोजा काढला... दाराकडच्या कोपऱ्याला बोटं टेकवली आणि कपाळाला लावली. पुन्हा एकदा कोपऱ्याला, पुन्हा कपाळाला. आणि हातमोजा परत चढवला.

मी पुढे झाले तशा त्या दचकल्या. "पाया पडस ना ताई. काम सुरू कराना पहिले."

मी विचारलं, मग धुवायच्या आधी का नाही? त्यांना माझं नवलच वाटलं. "उष्टा टेबलना पाया पडू का?"

आणि हातमोजा? "हातमोजा घालीसन कोनी पाया पडस का?"

याला माझ्या ट्रेनिंगमध्ये उत्तर नव्हतं. पण दोनदा का? एवढं विचारल्यावर मात्र त्या फडक्याशी चाळा करत खाली बघायला लागल्या.

"एक दाव मन्हाकडथून... एक दाव तुमनाकडथून. तुमनं आठे कोनीच नई शे ना ताई. म्हनीसन तुमनासाठे मीच पाया पडी लेस."

काडी तशीच हातात राहिली.

पाटीलभाऊंना सगळं समजावून सांगितलं. सालटांचा विषय मिटला. आता आधी मी काडी फिरवायची, मग त्यांनी हातमोजा काढून पाया पडायचं, मग पुन्हा हात धुऊन सॅनिटायझरचा फडका, असं ठरलंय. कोपरा पास होतोय.

पण घरी आल्यावर एक गोष्ट लक्षात आली आणि ती काही डोक्यातून जात नाही. पहिल्यांदा टेकलेली बोटं तशी स्वच्छ, नुकती हातमोज्यातून निघालेली. दुसऱ्यांदा टेकायची ती कपाळाचा घाम घेऊन... म्हणजे त्यांचा एकच नमस्कार होता तोवर कोपरा पास होत होता, आणि मागच्या आठवड्यापासून आकडा चढला तो बहुतेक दुसऱ्या नमस्काराने. माझ्या.

मी रोज सकाळी त्या आकड्यावर चिडत होते आणि मनात म्हणत होते, या गावात मला विचारणारं कोणी नाही. रंजनाबाई, तुमचे आभार कोणत्या भाषेत मानू?