मॅडमचं फायकस

सकाळी ऑफिसात आल्या की मॅडम पर्स ठेवायच्याही आधी फायकसच्या कुंडीत बोट खुपसायच्या. माती वरून कोरडी लागली तर पाणी, ओली लागली तर काल ज्यानं पाणी घातलं त्याची हजेरी. मग तेच मातीचं बोट आमच्यावर रोखून म्हणायच्या, "झाडाला बोलता येत नाही, म्हणून मला बोलावं लागतं."

माणसं आवडत नाहीत पण कुत्रं आवडतं, असे साहेब तुम्हीही पाहिले असतील. आमच्या मॅडमना झाड आवडायचं. जालना रोडवरच्या त्या ऑफिसात आम्ही सगळे वाळत होतो आणि फायकस मात्र डेरेदार.

विद्या पक्की होती त्यांची. कुंडी अधूनमधून थोडी फिरवायची, म्हणजे झाड एकाच बाजूला झुकत नाही. पानं ओल्या फडक्यानं पुसायची. शेंडे खुडायचे. "शेंडा खुडला की बाजूनं दाट होतं," हे त्या कात्री हातात धरून, माझ्याकडे बघत सांगायच्या. त्याच सुमारास माझी बढती अडकली. मी दाट व्हायची वाट बघत बसलो. पोट तेवढं झालं.

एका उन्हाळ्यात त्यांच्या केबिनमध्ये नवा एसी बसला आणि त्याच्या झोतानं फायकसची पानं गळायला लागली. एसी बंद करणं हा एक उपाय होता. मॅडमनी दुसरा काढला: हॉलमधली पूर्वेची खिडकी झाडाला द्यायची.

त्या खिडकीशी भाऊराव बसायचे. करमाडहून रोज यायचे, टपालाची आवक-जावक सांभाळायचे. साखरेच्या दुखण्यानं त्यांची नजर उतरत चालली होती, पण खिडकीच्या उजेडात अजून अक्षर लागायचं. रिटायर होईपर्यंत कुणाकडून वाचून घ्यायचं नाही, एवढाच त्यांचा हट्ट.

"मॅडम, मला तिथं दिसतं हो," ते म्हणाले.

"भाऊराव, तुम्ही ट्यूबलाइटखाली बसू शकता. ते बसू शकतं का?"

भाऊरावांचं टेबल कपाटांच्या मागं गेलं.

मला राहवलं नाही. पॅसेजमध्ये भाषणाची तालीम करून मी केबिनमध्ये शिरलो. "मॅडम, भाऊरावांचं जरा..."

"बरं झालं आलात. हात स्वच्छ आहेत ना?"

भाऊरावांची वकिली करायला गेलेला मी फडकं घेऊन बाहेर आलो.

"काय म्हणल्या?" भाऊरावांनी विचारलं.

"विचार करते म्हणाल्या."

"अन् हातात काय हाय ते?"

"फडकं."

"मंग लई विचार केला म्हणायचा त्यांनी."

खिडकीत फायकस असं फुटलं की येणारेजाणारे हात लावून बघायचे, खरं आहे का म्हणून. कपाटांमागं भाऊराव पाकिटं नाकाला लावून वाचायचे. पिशोरचं टपाल गंगापूरच्या गठ्ठ्यात जाऊ लागलं. मॅडमनी सगळ्यांदेखत सुनावलं, "वाचता येत नसेल तर तसं सांगा." दुसऱ्या दिवशी भाऊराव आमच्या सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते.

मग मॅडमची बदली झाली. शेवटच्या दिवशी त्यांनी फायकसचं पान न् पान पुसलं. "हलवू नका हो त्याला," त्या म्हणाल्या. "जागा बदलली की सोसत नाही त्याला." हुकमाऐवजी विनवताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. वाईट वाटलं. आम्ही सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या, गाडी गेटबाहेर वळली आणि कुंडी जिन्याखाली ढकलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊरावांचं टेबल आम्ही मिरवत खिडकीशी आणलं. खुर्ची झटकली. समोर सकाळचं टपाल ठेवलं आणि कौतुकानं भोवती उभे राहिलो.

ऊन थेट टेबलावर पडलं होतं. भाऊरावांनी वरचं पाकीट उचललं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं. मग ते खाली ठेवून त्यांनी तळहात टेबलावरून हळूहळू सरकवला, ऊब लागली तिथं थांबवला.

"ऊन आलंय व्हय," ते म्हणाले. मग पाकीट माझ्याकडं सरकवलं. "वाच रे जरा, कुठून आलंय."