टेसनआबांची चौकशी

आमच्या हॉल्टवर तिकीट मागितलं की आधी उलटतपासणी व्हायची. "जालन्याला? कामून?" दाढ दुखते म्हटलं तर टेसनआबा तोंड उघडायला लावायचे, आत डोकावायचे आणि मगच तिकीट द्यायचे. वर "लवंग धर दाढंखाली, उगं उपटत बसू नको" हा सल्ला फुकट.

आबा रेल्वेचे नोकर नव्हते. गावातलेच, कमिशनवर तिकिटं विकायचं कंत्राट तेवढं त्यांच्याकडे. पण ऐट अशी, की जणू रूळ ह्यांनीच अंथरलेत. पॅसेंजर दिसली की धोतर सावरत पुढे व्हायचे आणि ड्रायव्हरला थांबायचा हात करायचे. ती तशीही थांबणारच असायची, पण हे त्यांना सांगायची कुणाची टाप होती! गाडी उशिरा आली तर मात्र, "माझ्याकडं काय बघता? मी काय इंजिनात बसून राह्यलो का?"

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी मी रोज ह्याच गाडीने कॉलेजला जायची. नेमकं प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी बापूंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला बघायला पाहुणे बोलावले. "परीक्षा पुढच्या साली दे," म्हणाले. मी बॅग उचलली आणि मागच्या दाराने थेट स्टेशन गाठलं. घाईत पास घरीच राहिला. आबांनी माझं रडवेलं तोंड बघितलं आणि बापजन्मात पहिल्यांदा एक अक्षर न विचारता तिकीट हातात दिलं.

गाडी आली, मी चढले, तोच बापूंची मोटारसायकल येऊन थडकली. आबा हात पसरून आडवे उभे.

"बिगर तिकिटाचं गाडीपाशी जाता येत न्हाई, बापू."

"मंग द्या जल्दी!"

"कुठलं?"

"कुठलंबी द्या! पोरीला उतरवायचंय."

"बिमार हाय का?"

"न्हाई."

"नापास झाली?"

"न्हाई हो."

"मंग कामून उतरवायचंय?"

बापू काहीतरी सांगत होते, आबा मान हलवत पुढचं विचारत होते, आणि मी दारातला दांडा धरून देवाचा धावा करत होते. आमच्याकडे गाडी मिनिटभरच थांबते. ती हलली, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

परीक्षा झाली, पास झाले. आज एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत प्रयोगशाळेत आहे. त्या खवचट म्हाताऱ्यावर माझा फार जीव होता.

गेल्या उन्हाळ्यात आबा गेले. बापू मातीहून आले, अंघोळ करून ओट्यावर बसले. मी डोळे पुसत म्हणाले, "बापू, त्या दिवशी आबांनी तुम्हाला चांगलंच बनवलं."

"मला?" बापू म्हणाले. "अगं, डबा चार पावलांवर होता. म्हाताऱ्याला बाजूला सारायला कितीसा वेळ लागला असता? पाहुण्यांना शब्द देऊन बसल्तो, माघार घ्यायला तोंड नव्हतं. आबा विचारून राह्यल्ते अन् मी सांगून राह्यल्तो, गाडी निघंपर्यंत."