मन्नारगुडीला धावणारे इंजिन

मंगळवार, ६ मे २०२५ रोजी हनुमंतरावांनी बस डेपोच्या लिलावात १,८६,४५० रुपये भरून एक मोडीतली बस घेतली. बस नको होती, तिचे डिझेल इंजिन हवे होते. पैसे त्यांची भाची धनलक्ष्मी हिचे होते. ती तिरुविसनल्लूरहून त्रेचाळीस मुलांना स्वतःच्या बसने कुंभकोणम्‌च्या शाळांत पोचवते. एप्रिलात तिच्या बसचे इंजिन कायमचे बसले. शाळा उघडायच्या सुमारास दुसरे लागले नाही तर मुले रिक्षांकडे जाणार, आणि धंदा संपणार. तिचा जमाखर्च मी पाहतो, म्हणून तारखा ठाऊक आहेत.

हनुमंतराव त्याच डेपोत चौतीस वर्षे होते, शेवटची अकरा इंजिन विभागाचे प्रमुख. तिथे सगळे त्यांना रायर म्हणत. निरोपाच्या दिवशी मॅनेजर तमिळमध्ये म्हणाले होते, की रायरांनी इकडचा नट तिकडे होऊ दिला नाही. हे वाक्य मराठीत आणून त्यांनी प्रत्येक लग्नात, मुंजीत ऐकवले आहे.

लिलावात अकरा बसगाड्या होत्या. हनुमंतराव तिसरीपाशी जाऊन उभे राहिले. तिच्यात चांगले इंजिन आहे हे त्यांनाच ठाऊक होते, कारण ते त्यांनीच बसवले होते. पण रायर उभे आहेत म्हटल्यावर सगळे भंगारवाले तिथेच जमले. भाव चाळीस हजारांनी चढला.

"ज्ञानाला किंमत असते," हनुमंतराव म्हणाले. ती किंमत धनलक्ष्मीने भरली.

दारासुरम्‌च्या एका गॅरेजात बस ओढून नेली. पुढची जाळी आणि रेडिएटर काढला, गिअरबॉक्स सोडवला, आणि दोन दिवसांनी इंजिन चेनपुलीला लोंबकळू लागले. धनलक्ष्मीने डिझेलच्या बोळ्याने इंजिनावर कोरलेल्या नंबरावरचे ग्रीस पुसले आणि डेपोचे विक्रीपत्र शेजारी धरले.

"मामा, नंबर जुळत नाही."

"चष्मा पूस."

"चष्मा तुम्हाला आहे. मला नाही."

नंबर खरेच वेगळा होता. विक्रीपत्रावर नसलेले इंजिन आरटीओ तिच्या बसवर चढवून देणार नव्हते. हनुमंतराव तडक डेपोत गेले. त्यांच्या खुर्चीवर आता वेंकटेश बसतो. तो आधी त्यांच्या हाताखाली होता.

"कुठल्या गाढवाने इंजिन बदलून नोंद केली नाही?" हनुमंतराव दारातूनच म्हणाले. "माझ्या वेळी असे चालत नव्हते."

वेंकटेशने रजिस्टर उघडून नंबर शोधला. "हे मन्नारगुडीच्या गाडीचे, रायर. आठवते? मोठ्या साहेबांची तपासणी होती. तुम्ही आता घेतलीत ती गाडी तेव्हा नवी रंगवली होती, छान दिसत होती, पण धूर फार. तुम्ही म्हणालात, धुराचे इंजिन साहेबांसमोर नको, मन्नारगुडीच्या गाडीशी अदलाबदल कर. नंतर दाखवायची गाडीच बदलली, म्हणून इंजिने पुन्हा जागच्या जागी बसवायचे ठरले, आणि ते राहून गेले."

"मग?"

"तुम्ही म्हणालात, नोंद नंतर करू. मी अजून त्या 'नंतर'ची वाट पाहतो आहे."

म्हणजे कागदोपत्री हनुमंतरावांचे इंजिन रोज प्रवासी घेऊन मन्नारगुडीला जाऊन येत होते, आणि धनलक्ष्मीच्या चेनपुलीवर सरकारी मालमत्ता टांगलेली होती.

संध्याकाळी ते भाचीकडे आले. "आकडे ठोकायचा संच आहे माझ्याकडे. जुना नंबर घासून नवा ठोकतो. अर्ध्या तासाचे काम."

"आणि मला जेलात डबा कोण आणणार? मामी?"

"तिला बसने यावे लागेल," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी मॅनेजरकडे गेले.

विक्रीपत्रावरचा नंबर बदलणारे दुरुस्तीपत्र देण्यास मॅनेजर तयार होते. अट एकच: अदलाबदल आपण केली आणि नोंद केली नाही, हे हनुमंतरावांनी मुद्रांकाच्या कागदावर लिहून द्यावे. त्याची एक प्रत डेपोच्या फळ्यावर लागेल. वेंकटेश कागद घेऊन धनलक्ष्मीच्या घरी आला.

"हिंगेच, माझ्यासमोर बसून लिहा, मामा," ती म्हणाली. "घरी नेलात तर तोही नंतर होईल."

हनुमंतरावांनी 'तांत्रिक कारणास्तव' असे लिहायचे ठरवले. वेंकटेश म्हणाला, "ते चालणार नाही. 'विसरलो' लिहा."

"मी विसरत नाही."

"मग 'मुद्दाम' लिहा."

हनुमंतरावांनी भाचीकडे पाहिले. ती फोनवर कुणाच्या तरी आईला सांगत होती, की बस नक्की येणार, थोडे थांबा. त्यांनी 'विसरलो' लिहिले आणि सही केली. सही मात्र प्रमुख होते तेव्हाचीच, हुद्द्यासकट. हुद्दा वेंकटेशने खोडला.

प्रत फळ्यावर आठ दिवस होती. त्या आठ दिवसांत हनुमंतरावांनी डेपोसमोरून जाणे टाळले. बाजाराला लांबच्या रस्त्याने जात. शाळा २ जूनला उघडल्या, बस ९ जूनला निघाली. चार मुले तोवर रिक्षाने जाऊ लागली होती, एकोणचाळीस राहिली. इंजिन धूर करत नाही. ते किती चांगले आहे हे हनुमंतराव आता लग्नात सांगतात. आधी कुठे होते ते सांगत नाहीत.

मुद्रांकाच्या कागदाचे दोनशे रुपये वेंकटेशने भरले होते. ते हनुमंतरावांकडून त्याला अजून यायचे आहेत.