उन्हातली घनता

दादाराव साळवे गेल्याचं मला व्हॉट्सअ‍ॅपवर कळलं. आमच्या जुन्या पंपवाल्यांच्या ग्रुपवर, दोन सुप्रभातांच्या मधे कुणीतरी टाकलं होतं : टँकरवाले साळवे गेले, झोपेतच. खाली पाच-सहा जणांचे जोडलेले हात. मीही हात जोडले आणि चहा प्यायला लागलो. रडूबिडू आलं नाही, खोटं कशाला सांगू? त्याला आता दीड महिना झाला. माणूस लाखात एक होता. त्यांच्याबद्दलच्या आठवणींत मी मात्र काही बरा दिसत नाही...

मुलुंडला एलबीएस रोडवरच्या एका पेट्रोल पंपावर मी मॅनेजर होतो आणि दादाराव डेपोतून आमच्याकडे टँकर आणायचे. मूळचे जालन्याकडचे, राहायला घाटकोपरला. गाडी लावली की आधी चाकाला लाकडी ठोकळा, मग हातपाय धुणं, मग "जयभीम साहेब". डबा उघडला की अर्धी भाकरी आणि ठेचा माझ्यापुढे यायचाच. "तुम्ही कोकणातले लोक मिरचीला भिता का हो?" असं वर हसायचे. मीही ईर्ष्येनं खायचो आणि तासभर पाणी पीत बसायचो.

टँकर रिकामा करण्याआधी पेट्रोलची घनता तपासावी लागते. काचेच्या उंच बरणीत नमुना घ्यायचा, त्यात हायड्रोमीटर तरंगत ठेवायचा आणि त्याच वेळी थर्मामीटर बुडवायचा. पेट्रोल उन्हानं फुगतं. फुगलं की तेवढ्याच लिटरचं वजन कमी भरतं, घनता उतरते. माल तोच असतो. म्हणून आलेली घनता तक्त्यात बघून पंधरा अंशांवर आणायची आणि डेपोतून आलेल्या चलनावरच्या आकड्याशी ताडून बघायची. फरक जास्त निघाला तर भेसळीचा संशय. मी पार्ल्याच्या कॉलेजातला फिजिक्सचा बीएस्सी, त्यामुळे हे सगळं पंपावरच्या प्रत्येकाला शिकवायचो, म्हणजे अक्कल पाजळायचो.

ती मे महिन्यातली दुपार होती. हायड्रोमीटर मी टँकरशेजारी, उन्हात वाचला. तेवढ्यात मालकांचा फोन आला, म्हणून बरणी घेऊन एसी केबिनमध्ये गेलो. बोलणं लांबलं. ते संपल्यावर थर्मामीटर बुडवला. घनता उन्हातली आणि तापमान एसीतलं! तक्ता बघितला, तर पेट्रोल भलतंच हलकं. मी तरातरा बाहेर आलो आणि सगळ्यांसमोर ओरडलो, "काय मिसळलंस रे?" वडिलांच्या वयाचा माणूस, आणि मी त्यांना अरे-तुरे करत होतो.

"रॉकेल टाकलं असतं तर जड झालं असतं ना साहेब," ते म्हणाले.

"म्हणजे सॉल्व्हंट टाकलंस! बरीच माहिती आहे की तुला."

"एकदा माझ्यासमोर तपासा. दोन्ही एकाच वेळी बघा, एवढंच म्हणतो."

मी तपासलं नाही. मला शिकवणारा हा कोण? टँकर परत पाठवला, नमुना सील होऊन लॅबमध्ये गेला आणि ट्रान्सपोर्टवाल्यानं दादारावांना गाडीवरून उतरवलं. संध्याकाळी रजिस्टरमध्ये नोंद करताना माझा हात थांबला. मे महिन्यात, भर दुपारी, सत्तावीस अंश? थर्मामीटर मी एसीत बुडवला होता. फोन समोर होता, पण मी ट्रान्सपोर्टवाल्याला लावला नाही. नोकरी नवी होती, लग्न ठरलं होतं... कारणं काय, पैशाला पासरी मिळतात.

लॅबनं पेट्रोल शुद्ध असल्याचं कळवलं, पण त्यात तीन आठवडे गेले. तेवढे दिवस दादाराव घरी बसून होते आणि वस्तीत लोक त्यांच्याकडे बघून भेसळीवर बोलत होते. पंपावर मात्र सगळे म्हणाले, चाचणीत काहीतरी गडबड झाली असेल. कुणाकडून झाली, ते कुणी विचारलं नाही. चौथ्या आठवड्यात दादाराव पुन्हा टँकर घेऊन आले. ठोकळा लावला, "जयभीम साहेब" म्हणाले, मी मागवलेला चहा प्यायले. डबा मात्र गाडीतच बसून खाल्ला. पुढची कितीतरी वर्षं ते येत होते, पण अर्धी भाकरी पुन्हा माझ्यापुढे आली नाही. मला ते फार लागलं. आणि तरीही माझी चूक मी त्यांना सांगितली नाही. ते रिटायर झाल्यावर एकदा सांगायचं म्हणूनच घाटकोपरला गेलो होतो. तासभर त्यांच्या गुडघ्यांवर बोललो आणि परत आलो.

गेल्या रविवारी त्यांची मुलगी करुणा माझ्या घरी आली. शाळेत शिकवते ती. पर्समधून तिनं चष्म्याची जुनी डबी काढली. आत कापसात गुंडाळलेला थर्मामीटर होता.

"मधे ते तीन आठवडे घरी बसले होते ना, तेव्हापासून बाबांच्या गाडीत हा कायम असायचा. तुमच्या कामातली वस्तू, आठवण म्हणून तुमच्याकडे राहू दे. प्रत्येक पंपावर बरणीत स्वतः बुडवायचे म्हणे, आणि मॅनेजरला समोर उभं करून आकडा वाचायला लावायचे. कशासाठी, ते आईलाही कधी बोलले नाहीत. तुम्हाला माहितीय का काका?"

मी तो थर्मामीटर आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. माझ्या पंपावर त्यांनी तो एकदाही बाहेर काढला नव्हता. म्हणजे तापमान मी उशिरा घेतलं हे त्यांना कळलं होतं, आणि तो माझ्यासमोर न काढून माझी लाज त्यांनीच राखली होती.

मी करुणाला सांगितलं. मे महिना, एसी केबिन, अरे-तुरे, न केलेला फोन... काही ठेवलं नाही. माझं संपल्यावर तिनं थर्मामीटर माझ्या हातातून घेतला, पुन्हा कापसात गुंडाळला आणि डबी पर्समध्ये ठेवली.

"मग हा आमच्याच घरी राहू दे," ती म्हणाली आणि चहा तसाच ठेवून उठली.